म्हापशातलं स्पीच थेरपी क्लिनिक, ४ स्टार

आमचा पोरगा साडेचार वर्षांचा, क ला त म्हणायचा, काकाचा ताता नि केळ्याचं तेळं, घरी सगळे हसायचे आणि टेन्शन मला. डिचोलीहून दर शुक्रवारी म्हापशाला न्यायचो (बाजाराचा दिवस, पार्किंगच्या नावाने बोंब!!). पण मॅडम भारी. नुसतं 'क म्हण, क म्हण' करत नाहीत, प्रत्येक आवाजाला हाताची खूण, क ला बोट हनुवटीखाली गळ्यापाशी कारण जीभ मागून उचलते, त ला वरच्या ओठावर, स ला बोट खांद्यापासून मनगटापर्यंत सरकवायचं, आवाज लांबतो ना. प-फ ला तोंडासमोर तळहात, फ ला हवा जास्त लागते. मी विचारलं, हे १९६६ चं ऑरिन कॉर्नेट ह्यांचं क्यूड स्पीच का (तीही हाताच्या खुणांचीच पद्धत)? तर मॅडम म्हणाल्या नाही, ते कमी ऐकू येणाऱ्यांना ओठ वाचताना मदत म्हणून, वेगळं.

महिन्याभराने आजीने ताटात केळं ठेवलं, तर ह्याने आधी गळ्याला बोट लावलं, थांबला, आणि 'क...केळं'! आजी रडायलाच लागली. एक स्टार कापला कारण घरच्या सरावाचा कागद इंग्रजीत देतात, आजीने काय वाचायचा? आता ह्याच्या खुणा हळूहळू सोडवतायत.