उंदरातला एसआयआरएनए: फ्लुरोसंट रंग की ल्युसिफरेज?

औषध यकृतात पोचलं का, एवढंच बघायचं तर साय-5 हा फ्लुरोसंट (प्रकाश पडला की चमकणारा) रंग जोडलेला एसआयआरएनए, म्हणजे ठराविक जनुक गप्प करणारा छोटा आरएनए रेणू, सोपा. टोचा, उंदराला भूल द्या, कॅमेऱ्याखाली ठेवा. पण रेणू तुटून रंग सुटा झाला तरी चमक दिसतेच, आणि इथेच भलेभले फसतात. शिवाय अल्फाल्फा असलेल्या खाद्यातलं क्लोरोफिल आतड्यात उजळतं. आधी खाद्य बदला, केस काढा.

जनुक खरंच गप्प झालं का, हे सांगतं काजव्याचं ल्युसिफरेज, म्हणजे ल्युसिफेरिन या रसायनापासून प्रकाश पाडणारं एन्झाइम. त्याचं जनुक उंदरात घालून तेच एसआयआरएनएने गप्प करायचं. ल्युसिफेरिन टोचून साधारण 10-15 मिनिटांनी फोटो काढायचा. प्रकाश घटला म्हणजे मात्रा लागू पडली. 2002 मध्येच उंदराच्या यकृतात हे दाखवून झालंय. मात्र मेलेली पेशीही चमकत नाही, तेव्हा विषारीपणा वेगळा तपासायचा. एकच परवडत असेल, तर माझं मत ल्युसिफरेजला.