छत्रीला डोंगर आडवा येत नाही: परळी खोऱ्यात फ्री डिशचे अकरा महिने

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर आम्ही घरावर डीडी फ्री डिशची, म्हणजे दूरदर्शनच्या मोफत उपग्रह टीव्ही सेवेची, छत्री बसवली. आता ऑक्टोबर चाललाय. हिवाळा, मे महिन्यातला वळीव आणि आमच्या खोऱ्यातला अख्खा पावसाळा काढल्यावर मगच लिहायला बसलेय. बसवल्या आठवड्यात लिहिलं असतं तर ‘छान आहे, घ्या’ एवढंच लिहिलं असतं आणि जूनमध्ये ते मागे घ्यावं लागलं असतं.

आमचं घर उरमोडी धरणाच्या वरच्या अंगाला. सातारा फार लांब नाही, पण मध्ये डोंगराची सोंड आहे. अजिंक्यताऱ्यावरचा टीव्हीचा टॉवर साताऱ्यात कुठेही उभं राहिलं तरी दिसतो, आमच्या गच्चीवरून मात्र दिसत नाही. टीव्हीच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे टॉवर दिसत नाही तिथे चित्रही धड मिळत नाही. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, वीस फुटी वेळूवर अँटेना बांधली होती. एकाने वर ती फिरवायची, दुसऱ्याने खालून ‘आलं, आलं, गेलं’ ओरडायचं. पडद्यावर कायम मुंग्या. डोंगरावर आपटून उशिरा पोचणाऱ्या लहरींमुळे प्रत्येक माणसाच्या शेजारी त्याचीच फिकट सावली दिसायची. तरीही सातच्या मराठी बातम्या त्यांनी कधी चुकवल्या नाहीत.

दूरदर्शनने ही जुनी अ‍ॅनालॉग प्रक्षेपणं टप्प्याटप्प्याने बंद केली आणि २०२२ च्या मार्चअखेरपर्यंत सीमेसारख्या महत्त्वाच्या ठिकाणची थोडी केंद्रं सोडून बाकीची आवरली. टॉवरवरूनच डिजिटल प्रक्षेपण करायची सोय २०१६ मध्ये सुरू झाली, पण ती मुंबईसारख्या मोजक्या शहरांपुरती. खोऱ्यातल्या घरांना उरला तो आभाळाचा रस्ता. मधली काही वर्षं आम्ही महिन्याच्या रिचार्जवाली एक सेवा घेतली होती. भात लावणीच्या दिवसांत रिचार्ज संपायचा, मोबाइलला रेंज नसायची आणि टीव्ही चार-चार दिवस बंद राहायचा. म्हणून फ्री डिश. एकदा सामान घ्यायचं, नंतर महिन्याचे पैसे नाहीत. ही सेवा २००४ च्या डिसेंबरमध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने ३३ वाहिन्यांवर सुरू झाली होती. आता वाहिन्या त्याहून कितीतरी जास्त आहेत.

साताऱ्यातून ६० सेंटिमीटरची छत्री, एलएनबी (छत्रीसमोरच्या दांड्यावर बसतो तो डबीसारखा भाग), पंधरा मीटर वायर आणि एमपीईजी-४ चा बॉक्स असं सगळं १,९०० रुपयांत आलं. बॉक्स घेताना एवढं बघाच. एमपीईजी म्हणजे पाठवताना चित्र आवळून लहान करायची पद्धत, त्यातली ४ ही नवी. जुना एमपीईजी-२ चा बॉक्स थोडा स्वस्त मिळतो, पण त्यावर सगळ्या वाहिन्या उघडत नाहीत. एमपीईजी-४ च्या बॉक्सवर दोन्ही प्रकारच्या दिसतात.

बसवणारा मोटरसायकलवर आला, वीस मिनिटांत चित्र आणून निघून गेला. तेव्हा आम्ही खूश होतो. त्या वीस मिनिटांची किंमत पुढचे चार महिने मोजली.

चित्र आमच्यापर्यंत येतं कसं, हे तेव्हा माहीत असतं तर बरं झालं असतं. सह्याद्री वाहिनी मुंबईची, पण या छत्रीत ती दिल्लीहून येते. तिथल्या तोडापूरच्या केंद्रात सगळ्या वाहिन्यांची गाठोडी बांधतात. एका फ्रिक्वेन्सीवर एक गाठोडं, त्यात अनेक वाहिन्या. ती गाठोडी जीसॅट-१५ या उपग्रहाकडे पाठवली जातात. हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, जवळपास ३६,००० किलोमीटर उंचीवर पृथ्वीच्या फिरण्याबरोबर फिरतो, म्हणून आपल्याला तो एका जागी खिळल्यासारखा असतो. तो सगळं खाली पाठवतो आणि आपली छत्री ते गोळा करून समोरच्या एलएनबीवर टाकते. एलएनबी आभाळातली ११ गिगाहर्ट्झच्या आसपासची लहर वायरीतून नेता येईल इतकी खाली उतरवतो, आणि बॉक्स गाठोडं सोडून आपण मागितलेली वाहिनी बाहेर काढतो.

साताऱ्यातून पाहिलं तर हा उपग्रह आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ६० अंश वर आहे. म्हणजे डोक्यावरून थोडासाच खाली. आमच्यासारख्या खोऱ्यातल्या माणसाला ही मोठी गोष्ट. अजिंक्यताऱ्याला आडवी येणारी सोंड याला आडवी येऊच शकत नाही. पहिल्या संध्याकाळी मुंगी नाही, सावली नाही, असं चित्र पाहून मामंजी टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले होते.

मग जानेवारीपासून चित्र थांबायला लागलं. अ‍ॅनालॉगमध्ये सिग्नल कमी झाला की मुंग्या वाढायच्या, पण आवाज येत राहायचा, बातमी कळायची. डिजिटलमध्ये तसं नसतं. येणाऱ्या आकड्यांबरोबर चुका दुरुस्त करायचे जादा आकडे पाठवलेले असतात, ते पुरेसे आहेत तोवर चित्र एकदम स्वच्छ. ते कमी पडले की आधी चौकोन, मग गोठलेला चेहरा, मग निळा पडदा. मधली पायरीच नाही. “मुंग्या परवडल्या गं सूनबाई,” मामंजी म्हणाले, “निदान माणूस बोलतोय त्ये तरी ऐकू यायचं.” त्यांचं चुकलेलं नव्हतं. दूरदर्शनच्या माहितीत ‘सुस्पष्ट चित्र’ असं वाचायला मिळतं, पण ते चित्र कड्याच्या टोकावर उभं असतं हे कुणी सांगत नाही.

बॉक्सच्या मेनूत दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. आमची स्ट्रेंग्थ ८५ आणि क्वालिटी ४८ होती. स्ट्रेंग्थ भरलेली दिसते म्हणून लोक निश्चिंत राहतात, आम्हीही राहिलो. ती पट्टी भरली म्हणजे वायर आणि एलएनबी जिवंत आहेत, एवढंच. आपण हव्या त्या उपग्रहाकडे नीट बघतोय का, हे क्वालिटी सांगते. डिश टीव्ही या खासगी सेवेचा उपग्रह ९५ अंशांवर आहे, आपल्या उपग्रहापासून फक्त दीड अंशावर. एवढ्या फरकाने छत्री भलतीकडे वळली तरी स्ट्रेंग्थ तशीच दिसते आणि वाहिन्या मात्र सापडत नाहीत.

पुतण्याला खाली टीव्हीसमोर बसवलं, मी पाना घेऊन गच्चीवर. आधी पाइप ओळंब्यात नाही हे दिसलं. पाइप तिरका असेल तर छत्रीचे सगळे अंश खोटे ठरतात. पाइप सरळ केला, नट जरा सैल केले आणि छत्री बोटभर हलवायची, दहा सेकंद थांबायचं, आकडा विचारायचा. थांबणं महत्त्वाचं आहे, कारण बॉक्सला सिग्नल पकडायला वेळ लागतो आणि घाईत आपण चांगली जागा ओलांडून पुढे जातो. शेवटी एलएनबी त्याच्या पकडीत हळूहळू फिरवला. हे बसवणाऱ्याने केलंच नव्हतं. एवढ्यानेच क्वालिटी नऊने वाढली आणि ७१ वर गेली. वायरीचं कनेक्टर उघडलं तर आत हिरवा गंज. टोक कापून नवीन कनेक्टर लावलं, वरून पाणी न शिरणारी रबरी टेप गुंडाळली आणि वायरीला खाली एक वळसा दिला, म्हणजे पाणी वळशावरून गळून जातं, कनेक्टरकडे उतरत नाही.

तरीही वारा सुटला की चित्र तुटायचं. त्याचं कारण मार्चमध्ये सापडलं, तेही अचानक. दुसऱ्या आठवड्यात सलग तीन-चार दिवस सकाळी अकराच्या सुमारास काही मिनिटं चित्र जायचं. आभाळ निरभ्र, वाराही नाही. मला वाटलं बॉक्स गेला. मग शोधल्यावर कळलं की वर्षातून दोनदा, मार्चमध्ये आणि सप्टेंबर संपून ऑक्टोबर लागताना, सूर्य बरोबर उपग्रहाच्या पाठीमागे येतो. छत्री उपग्रहाकडे बघताना सूर्याकडेही बघते, आणि सूर्याच्या लहरींच्या गोंगाटात उपग्रहाचा बारीक आवाज बुडतो. हे सगळीकडे होतं, त्यावर इलाज नाही आणि त्याची गरजही नाही.

पण त्यात एक कामाची गोष्ट दडलेली आहे. त्या मिनिटांना सूर्य उपग्रहाच्याच दिशेला असतो. म्हणजे तेव्हा छत्रीवर ज्याची सावली पडते ते उपग्रहाच्या वाटेत उभं आहे. चित्र गेल्याबरोबर मी जिना चढून वर गेले. छत्रीच्या कडेवर परसातल्या फणसाच्या शेंड्याची सावली हलत होती. जानेवारीपासूनचं कोडं तिथे सुटलं. तुमच्या दारातही झाड असेल तर मार्चची ही वेळ चुकवू नका, यापेक्षा नेमकं मोजमाप कुठलं यंत्र देणार नाही.

फणस मामंजींच्या हातचा आहे, आणि आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, त्याच्या पानालाही हात लावू देत नाहीत. तोडायचा प्रश्नच नव्हता. उपग्रह इतका उंचावर असल्यामुळे छत्री पाच फूट मागे सरकवली तेवढ्यावर भागलं.

१ एप्रिलला काही वाहिन्या गायब झाल्या आणि काही नवीन आल्या. यात बिघाड काही नव्हता. खासगी वाहिन्या फ्री डिशवरच्या जागा प्रसार भारतीच्या, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेच्या, लिलावात वर्षभरासाठी घेतात, मुदत संपली की बदल होतो. बॉक्सला पुन्हा स्कॅन करायला लावायचं, दोन मिनिटांचं काम. तरी मला याचा राग आहे. आत्यांची रोजची मालिका एका रात्रीत गेली आणि ती कुठे गेली हे त्यांना सांगणारं कुणी नव्हतं. फुकट आहे म्हणून बघणाऱ्याला आधी कळवायचं नाही, हे बरोबर नाही. सह्याद्री आणि दूरदर्शनच्या बाकीच्या वाहिन्या मात्र आपल्या जागी राहिल्या. पुतण्यासाठी पीएम ई-विद्याच्या, म्हणजे शाळेच्या अभ्यासाच्या, वाहिन्या आहेत आणि आकाशवाणीही लागते.

आता पावसाचं. पुण्या-मुंबईचे लोक ‘पावसात डिश जाते’ एवढंच म्हणतात, पण पावसापावसांत फरक आहे. ११ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी पावणेतीन सेंटिमीटरच्या आसपास, त्यामुळे टपोरे थेंब ती शोषतात आणि विखुरतात. किती वेळ पडतो यापेक्षा किती जोरात पडतो यावर सगळं अवलंबून. मे महिन्यातल्या वळवाने अर्धा तासही न पडता तीन वेळा चित्र घालवलं. श्रावणातली दिवसभराची रिपरिप आणि खोरं भरून टाकणारं धुकं, यांनी काहीही झालं नाही. पण आषाढात आमच्याकडे पाऊस कोसळतो तेव्हा ६० सेंटिमीटरची छत्री हरली. एका आठवड्यात सातच्या बातम्या चार दिवस लागल्या नाहीत, नेमक्या धरणातून पाणी सोडणार की नाही हे ऐकायचं होतं तेव्हा.

जुलैत उघडीप बघून ९० सेंटिमीटरची छत्री बसवली, १,३०० रुपये. दीडपट रुंदी म्हणजे गोळा करायचं क्षेत्र सव्वादोन पट. क्वालिटी ८६ वर गेली, आणि हे वरचे १५ पावसात उधळायला मिळालेली शिल्लक आहे. त्यानंतर ऑगस्टमध्ये दोनदा चित्र गेलं, दोन्ही वेळा दहा मिनिटांच्या आत परत आलं. मोठ्या छत्रीची नजर अरुंद असते, त्यामुळे ती बसवताना अर्धा अंश चुकला तरी चालत नाही, आणि वारा जास्त धरते म्हणून पाइप जाड हवा, भिंतीत घट्ट बसवलेला. कोयनेच्या, बामणोलीच्या, पाटणच्या अंगाला कुणी घेणार असेल तर सुरुवातीलाच मोठी घ्या. फलटण-खटावकडच्या कमी पावसाच्या भागातल्या लोकांना लहानीने काम भागावं.

बाकी किरकोळ. बॉक्स तापतो, त्यावर कापड टाकू नका. रिमोट आठव्या महिन्यात गेला. एखाद-दुसरी नाही, एकदम दहा-बारा वाहिन्या गेल्या तर एक गाठोडं सुटलंय असं समजून छत्री तपासायची, एकच वाहिनी गेली तर आपल्या घरात काही बिघडलेलं नसतं. आणि क्रिकेट बघताना शेजारच्या रेडिओवर विकेट आधी पडते. उपग्रहापर्यंत जाऊन यायला पाव सेकंद आणि चित्राची गाठोडी बांधायला-सोडायला त्याहून जास्त, एवढा उशीर होणारच.

परवा, महिना बदलताना, पावणेअकराच्या पुढे पुन्हा चौकोन आले. मी स्वयंपाकघरातून हात पुसत निघाले तर मामंजींनी हातानेच थांबवलं. “बस गं. सूर्य आलाय पाठीमागं, जाईल आता.” पाच मिनिटांनी चित्र परत आलं. ते तोवर अंगणात जाऊन फणसाची सावली कुठवर येते ते बघून आले होते. म्हणाले, छत्रीपासून अजून हातभर लांब आहे.