आमच्या मुलीचे पाळणाघर: दीड वर्षानंतरचा अभिप्राय

पाळणाघर शोधताना आम्ही भिंतींवरची चित्रे, सीसीटीव्ही आणि खेळण्यांची कपाटे पाहत फिरलो होतो. आज पुन्हा शोधायची वेळ आली तर मी आधी एवढेच विचारीन, की येथील मावशी किती वर्षांपासून आहेत. पुण्यातील या पाळणाघराचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे तक्रारही करायची आहे.

माझी २६ आठवड्यांची प्रसूती रजा संपली तेव्हा मुलगी जेमतेम सहा महिन्यांची होती. प्रसूती लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीनंतर ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणे बंधनकारक झाले आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभाही मिळाली. परंतु आमचे कार्यालय लहान असल्यामुळे ही तरतूद आम्हाला लागू नव्हती आणि सोय आमची आम्हालाच पाहावी लागली.

तान्ह्या मुलांच्या खोलीत चार बाळांमागे एक मावशी असते. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला रोज तासभर तिथे बसवून घेतले आणि मुलगी कोणत्या कुशीवर झोपते, मऊ भात कसा खाते, रडण्याआधी कान कसा ओढते, हे सारे बारकाईने पाहिले. कपडे बदलतानाही त्या तिच्याशी अखंड बोलत असत. माझ्या मते दर्जा तो हाच, कारण या वयातले शिकणे अशा बोलण्यातून आणि ओळखीच्या हातांतूनच होते. दोन वर्षांच्या मुलीला इंग्रजी अक्षरे येतात का, हे विचारणाऱ्या पालकांचे मला नवल वाटते.

तक्रार आहे ती जूनमधली. तिच्या खोलीतील दोन्ही मावशी एकाच महिन्यात काम सोडून गेल्या आणि पालकांना ते आयत्या वेळी कळले. पुढचे तीन आठवडे मुलगी दुपारी झोपली नाही. दाराशी पोहोचताच माझ्या ओढणीला घट्ट धरून ठेवी. विचारपूस केल्यावर कळले, की त्यांना दुसरीकडे साफसफाईच्या कामाला जास्त पगार मिळाला होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आमचे शुल्क वाढले होते, त्यातले मावशींच्या हाती किती पडले याचे समाधानकारक उत्तर संचालिकांनी दिले नाही.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कोसबाडच्या (पालघर जिल्हा) विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा जोडलेली होती, कारण धाकट्या भावंडाला सांभाळण्यात मोठ्या मुलीची शाळा बुडत असे. लहान मूल नीट सांभाळले गेले तर घरातल्या आणखी कोणाची तरी वाट मोकळी होते, हे त्यांनी आदिवासी पाड्यांवर काम करताना ओळखले होते. आमच्या घरी ती वाट माझ्या नोकरीची होती. मात्र ती मोकळी करून देणाऱ्या बाईचा पगार साफसफाईच्या कामाहून कमी असावा, हे मला पटत नाही.

आता नव्या मावशींना चार महिने झाले आहेत आणि मुलगी सकाळी त्यांच्याकडे झेपावते. जागा स्वच्छ आहे, दुपारचे वरण-भात ताजे असते, मैदान नाही. दोन वर्षांखालील बाळासाठी मी हे पाळणाघर सुचवीन. प्रवेश घेताना मावशींच्या पगाराबद्दल आणि त्या बदलल्यास पालकांना किती आधी कळवणार, याबद्दल स्पष्ट विचारून घ्यावे.