पाणवठ्यावरचं हाइड की झुडपातलं नेट?

दाट झाडीतल्या पक्ष्यांचे फोटो काढायचे तर सध्या आपल्याकडे दोन वाटा आहेत. पैसे भरून पाणवठ्यावरच्या तयार हाइडमध्ये, म्हणजे लेन्सपुरती फट ठेवलेल्या आडोशात, बसायचं, किंवा कॅमफ्लाज नेट (झाडीत मिसळून जाणारी जाळी) अंगावर घेऊन ओढ्याकाठच्या झुडपात आपली आपण जागा धरायची. सिंहगडाच्या आसपास मी दोन्ही करून पाहिलंय.

उन्हाळ्यात हाइडला तोड नाही, हे आधीच कबूल करतो. एप्रिल-मेमध्ये ओढे आटले की आसपासचे सगळे पक्षी त्या लहानशा डबक्यावर उतरतात. स्वर्गीय नर्तकाची अंघोळ पाहावी ती इथेच. फांदीवरून थेट पाण्यात सूर, परत फांदीवर, पुन्हा सूर. तो कुठून कुठे जाणार हे दोन-तीन फेऱ्यांत कळतं, त्यामुळे लांब शेपटीसकट तो चौकटीत बसतो. डबकं मोकळ्यावर असल्याने उजेडही बरा मिळतो.

माझं मन उडालं ते खिडकीमुळे. हाइडची फट समोरच्या पाण्यापुरती असते. शेजारी दुसऱ्याची मोठी लेन्स टेकलेली, त्यामुळे आपली डावी-उजवीकडे फार वळत नाही. आणि पक्षी काही पाण्यापुरता जगत नाही. नारिंगी डोक्याचा कस्तूर पाण्यावर येण्याआधी बराच वेळ करवंदीच्या बुडाशी पाचोळा उलथत असतो. चोचीने पान उडवायचं, थबकायचं, मान तिरकी करून बघायचं, मग झडप. हे सगळं फटीच्या जरासं डावीकडे चालू असतं. पाचोळ्याची सळसळ ऐकू येते, कस्तूर अर्धामुर्धा दिसतोही, पण लेन्स तिथवर पोचत नाही. मग तो पाण्यावर येतो, मुद्दाम रोवलेल्या शेवाळी फांदीवर बसतो आणि सगळ्यांना एकच फोटो मिळतो. फोटो सुंदर असतो, पण त्यात कस्तुराचा दिवस नसतो. हे दर वेळी व्हायला लागलं तशी माझी बैठक हळूहळू झुडपात हलली.

नेटखाली मान वळते तिकडे लेन्स वळते, आणि मला वाटतं, वागणूक टिपायला तेवढं पुरतं. चकोत्रीची जोडी घाणेरीखालून पळताना, निळा माशीमार त्याच त्या खालच्या फांदीवरून किड्यावर झेपावून परत येताना, असे फोटो मला नेटखालीच मिळाले. पक्षी बिचकतो तो हालचालीला आणि माणसाच्या उभ्या आकाराला. पाठीमागे झुडूप असेल आणि हात सावकाश चालत असतील तर तो फार जवळ येतो. इतका, की 500 मिमीची मोठी प्राइम (झूम न होणारी लेन्स) कुचकामी ठरते, कारण ती साडेतीन-चार मीटरच्या आत फोकस करत नाही. 100-400 मिमीसारखी झूम आणि मिररलेस कॅमेऱ्याचं निःशब्द शटर ही जोडी इथे कामाची. सावलीत आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) 3200 च्या वर न्यायची तयारी हवी. पानं आड येतात, मुंग्या चावतात, आणि कित्येक सकाळी हाती काहीच लागत नाही. ज्यांना जमिनीवर बसायचा त्रास होतो त्यांना मी नेटचा आग्रह करणार नाही.

पहिलाच उन्हाळा असेल, पक्ष्यांची ओळख व्हायची असेल, तर हाइडचे पैसे वाया जात नाहीत. स्थानिकांच्या हाती चार पैसे पडतात, हीही चांगलीच गोष्ट. पण जूनमध्ये पावसासोबत नवरंग पक्षी आला की पाणी सगळीकडे असतं आणि डबक्याची ओढ संपते. पाचोळ्यात उड्या मारत, आखूड शेपटी खालीवर हलवत फिरणारा नवरंग टिपायचा तर मी तरी नेटच उचलेन. जागा वनखात्याची किंवा कुणाच्या मालकीची असेल तर आधी परवानगी घ्यावी, बसण्यापूर्वी काठीने पाचोळा चाळून साप-विंचू पाहावा. आणि नवरंग चोचीत काड्या-पानं किंवा चारा घेऊन वारंवार एकाच दिशेला जाताना दिसला, तर घरटं जवळच आहे असं समजून तिथून उठावं.