तळघरातलं पार्किंग आणि व्हीटूएक्स: लेन कळते, जागा कळेलच असं नाही

तळघरात जीपीएस चालत नाही. म्हणून छताला रेडिओ युनिटं लावून गाडीतल्या ५.९ गिगाहर्ट्झच्या व्हीटूएक्स रेडिओवरूनच (गाडी ज्यावरून इतर गाड्यांशी आणि रस्त्यालगतच्या यंत्रणांशी बोलते तो) तिचं स्थान काढणाऱ्या यंत्रणा पुढे येत आहेत. गाडी कोणत्या लेनमध्ये आहे, एवढंच हवं असेल तर त्या कामाच्या आहेत. नुसत्या रेडिओवर नेमकी जागा दाखवण्याचा दावा मात्र आम्हाला पटत नाही.

अडचण सिग्नलच्या ताकदीची नाही, बँडविड्थची, म्हणजे सिग्नल वापरतो त्या पट्ट्याच्या रुंदीची आहे. १० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर थेट आलेला सिग्नल आणि भिंतीवरून परतलेला सिग्नल यांच्या मार्गांत सुमारे ३० मीटरपेक्षा कमी फरक असला, तर ते वेगळे काढणं कठीण जातं. ५०० मेगाहर्ट्झच्या अल्ट्रा-वाइडबँडमध्ये (खूप रुंद पट्टा वापरणारा रेडिओ) हाच आकडा ६० सेंटीमीटरवर येतो. पार्किंगची एक जागा तर जेमतेम अडीच मीटर रुंद असते! सिग्नलच्या ताकदीवरून अंतर काढणं त्याहून बेभरवशाचं: तरंगलांबी ५ सेंटीमीटरच असल्याने गाडी थोडी सरकली तरी आकडा उड्या मारतो.

वेळ मोजणाऱ्या पद्धतीत १ नॅनोसेकंदाची चूक म्हणजे ३० सेंटीमीटर. युनिटांची घड्याळं एरवी उपग्रहांवरून जुळतात. तळघरात ती केबलवरून, पीटीपीने (नेटवर्कवरून घड्याळं अचूक जुळवायची पद्धत) जुळवावी लागतात. दुतर्फा, म्हणजे सिग्नल जाऊन परत यायला लागणारा वेळ मोजणाऱ्या यंत्रणेला ही कटकट नाही, पण हार्डवेअरला ती सोय हवी.

खरा भार चाकांच्या सेन्सरनी आणि जायरोने (गाडी किती वळली ते मोजणारा सेन्सर) उचलायचा, रेडिओने फक्त साचत गेलेली चूक सुधारायची. ही जोडणी नसेल तर यंत्रणा घेऊ नका. टायरचा परीघ १ टक्क्याने चुकला तर १०० मीटरमध्ये १ मीटरचा फरक पडतो, तो असा भरून निघतो. सेकंदाला १० संदेश पुरेसे आहेत: ताशी १० किलोमीटर वेगाने दोन संदेशांमध्ये गाडी २८ सेंटीमीटरच जाते.

युनिटं एकाच रेषेत बसवली तर गाडी रेषेच्या डावीकडे की उजवीकडे, हेच ठरत नाही. लेनच्या दोन्ही बाजूंना आलटून-पालटून बसवा आणि प्रत्येक ठिकाणाहून किमान तीन थेट दिसतील हे पाहा. खांबाआडचं युनिट अंतर फुगवून सांगतं. रॅम्पवरून वरच्या मजल्याचा सिग्नल खाली उतरतो, तेव्हा मजला ठरवायला गाडीचा चढ-उतार किंवा हवेचा दाब वापरलेला हवा.

चाचणी रिकाम्या पार्किंगमध्ये उरकू देऊ नका. उभ्या गाड्यांच्या पत्र्यामुळे परावर्तनं बदलतात. भरलेल्या वेळी मोजा, आणि सरासरी चूक न विचारता १०० पैकी ९५ वेळा चूक किती मीटरच्या आत राहते, ते लेखी मागा.