फुगणारं घर की अॅल्युमिनियमचा डबा?

अंतराळात राहायच्या अॅल्युमिनियमच्या मॉड्यूलचं, म्हणजे खोलीचं, गणित सरळ आहे, रॉकेटच्या नाकात मावेल तेवढीच खोली मिळणार, वर गेल्यावर एक इंचही वाढत नाही. फुगणारं मॉड्यूल मात्र घडी घालून नेता येतं.

स्पेस स्टेशनला 2016 मध्ये लावलेलं बीम (BEAM) हे फुगणारं मॉड्यूल बघा. पहिल्या प्रयत्नात ते नीट फुगलंच नाही, कापडाचे थर घडी करून इतके दिवस ठेवलेले की एकमेकांना घट्ट धरून बसले! मग दोन दिवसांनी स्टेशनवरच्या अंतराळवीर जेफ विल्यम्सने व्हॉल्व्ह थोडा उघड, थांब, परत उघड असं सात तास केलं, आतून शिवणी सुटल्याचा तडतड आवाज येत होता म्हणे, आणि शेवटी 16 घनमीटर जागा तयार झाली. दोन वर्षांच्या टेस्टसाठी नेलेलं, पुढे सामानाची खोली म्हणून कामाला आलं.

फुग्यासारखं फुटेल ही भीती मला जरा अतिरेकी वाटते, भिंतीत मजबूत कापडाचे बरेच थर असतात. पण धातू वर्षानुवर्षं ताणाखाली कसा वागतो हे आपल्याला पक्कं माहितीये, कापड हळूहळू ताणत जातं, म्हणून जमिनीवर मुद्दाम फुटेपर्यंत हवा भरून बघतात. राहायला मला फुगणारंच आवडेल, इंजिन आणि डॉकिंगसाठी मात्र धातूच हवा.