बेअर्डेड ड्रॅगनच्या पिल्लाचा पाला आणि पावडर: सात-आठ महिन्यांनंतर

आम्ही टेक्सासमध्ये राहतो. मुलाच्या हट्टापायी घरात बेअर्डेड ड्रॅगनचं, म्हणजे दाढीवाल्या सरड्याचं पिल्लू आलं. नाव यशवंती. (पुढे डॉक्टरांनी नर असल्याचं सांगितलं, नाव तेच राहिलं.) टाकी नि दिव्यांबद्दल सगळेच सांगतात, म्हणून इथे फक्त खाण्याचं बोलतो.

या वयात मुख्य खाणं म्हणजे किडे. ढोबळमानाने तीन हिस्से किडे, एक हिस्सा पाला. मोठेपणी हेच प्रमाण उलटं होतं. मग पिल्लाला भाजी द्यायचीच कशाला? तर सवय लागावी म्हणून. नुसत्या किड्यांवर वाढलेलं जनावर नंतर पाल्याकडे ढुंकून बघत नाही.

आमच्याकडेही सुरुवातीला वाटी संध्याकाळपर्यंत तशीच सुकायची. फरक पडला तो वेळेने आणि चिरण्याने. सकाळी दिवे लागले की आधी पाला, किडे मागाहून. पानांच्या जाड शिरा काढायच्या, गुंडाळी करून बारीक चिरायचं, कुठलाही तुकडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको. वरून कच्चा लाल भोपळा किसायचा. केशरी रंग दिसला की साहेब मान तिरकी करतात, जीभ लावून बघतात आणि भोपळ्याबरोबर पानंही आत जातात. तरीही अडून बसला तर पाल्यात ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या दोन-तीन वळवळत्या अळ्या सोडतो. त्यांच्यात मुळातच कॅल्शियम भरपूर असतं.

रोजच्याला कॉलर्डची (कोबीच्या जातीची पालेभाजी) पानं, डँडेलियनचा पाला आणि इंडियन ग्रोसरीत मिळणारी मोहरीची पानं. पालक पौष्टिक म्हणून आपण लगेच उचलतो, पण त्यातलं ऑक्सॅलिक आम्ल कॅल्शियमला बांधून ठेवतं, ते अंगी लागू देत नाही. माठ, चुका, बीटची पानं त्याच पंक्तीतली. अळू तर नकोच. आपल्याही घशाला खाजतं ते त्यातल्या ऑक्सॅलेटच्या सुयांमुळे, म्हणून तर फदफद्यात चिंच घालतात. अव्होकाडो विषारी, घरात असला तरी लांब ठेवा. आइसबर्ग लेट्यूस म्हणजे नुसतं पाणी.

आता पावडर. क्रिकेटमध्ये (खाऊ म्हणून विकत मिळणारे रातकिडे) कॅल्शियमच्या कितीतरी पट फॉस्फरस असतो आणि वाढत्या हाडांना हवं त्याच्या उलट, म्हणजे फॉस्फरसच्या साधारण दुप्पट कॅल्शियम. ही तूट पावडरनेच भरून निघते. मी रेप-कॅल कंपनीची कॅल्शियम पावडर, डी३ (जीवनसत्त्व ‘ड’) नसलेली वापरतो. पिठीसाखरेसारखी तलम आहे, किड्यांना छान चिकटते. पिशवीत किडे, चिमूटभर पावडर, दोन झटके. किडे धुरकट दिसले की बस, पांढरेफटक झाले तर तो तोंडातून टाकून देतो. आठवड्यातून पाच दिवस कॅल्शियम, उरलेले दोन दिवस मल्टीव्हिटॅमिन. क्रिकेटच्या वासाला कंटाळून अलीकडे डुबिया जातीच्या झुरळांवर आलोय. पैसे मोजून झुरळं आणणारं आमचं बहुधा पहिलंच मराठी घर असेल.

डी३ नसलेली का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. चांगल्या टी५ यूव्हीबी ट्यूबखाली (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारा नळीचा दिवा) हे प्राणी डी३ स्वतःच तयार करतात. डबीतून जास्तीचं गेलं तर ते अंगात साठून त्रास देऊ शकतं. जीवनसत्त्व ‘अ’चंही तसंच, म्हणून मल्टीव्हिटॅमिन मी बीटा कॅरोटीनवालं घेतलं. तुमच्याकडचा यूव्हीबी दिवा साधा असेल तर हा हिशोब बदलतो, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

हाडं मऊ पडली नाहीत ना, हे बघायला आमच्या डॉक्टरांनी जबडा दाबून बघितला, घट्ट आहे. पायांना थरथर नाही, शेपटीच्या मुळाशी भरलाय. विष्ठा तपासून जंत नाहीत हेही बघून घेतलं.

तक्रारी म्हणाल तर, एका कंपनीचे ‘संपूर्ण आहार’वाले पेलेट आणले होते. भिजवून, भोपळ्यात मिसळून, सगळं करून झालं. तेवढे गोळे बाजूला सारून उरलेलं खायचा. शिवाय मल्टीव्हिटॅमिनचा मोठा डबा घेण्यात अर्थ नाही. एकदा उघडला की जीवनसत्त्वांचा जोर उतरत जातो, सहा महिन्यांनी फेकायचाच. छोटी डबी घ्या, झाकणावर मार्करने तारीख लिहा.

आणि बास्किंगच्या, म्हणजे अंग शेकायच्या जागी चाळीस अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब नसेल तर खाल्लेलं पचतच नाही, मग पाला कितीही निगुतीने चिरा. यूव्हीबी ट्यूबही वर्षभरात बदलावी लागते, उजेड देत राहिली तरी. त्या ट्यूबचे पैसे आधी बाजूला काढा, डब्यांचं नंतर बघा.